चार गिऱ्हाइकांची गाडी

पेठ वडगाव,
१२ सप्टेंबर २०२४

चि. सम्राट,

तुला आणि क्रांतीला आशीर्वाद, आणि तुझ्या फरशीच्या दुकानालाही.

तुझा फोन येऊन गेला, असं इथला गडी केरबा म्हणाला. पण कानाला मशीन लावलं की फोनमध्ये नुसती शिट्टी वाजते, आणि काढलं की काहीच ऐकू येत नाही. म्हणून लिहिते. भावाच्या घरी येऊन पंधरा दिवस झाले. वरची खोली दिलीय, उजेड चांगला आहे. ह्यांचा फोटो खिडकीसमोर लावलाय.

ह्यांची गाडी तू घेतलीस, त्याबद्दल तुला नीट दोन शब्द बोलायचे राहून गेले. धैर्यशील एजंट मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "काकी, असल्या जर्मन गाडीला कोल्हापुरात गिऱ्हाइकं मोजून चार. त्यांनी न्हाय म्हटलं की संपलं." आणि चौघंही नाही म्हणाले! एक सराफ तर आदल्या दिवशी फोनवर हौसेनं बोलत होता, दुसऱ्या दिवशी गाडीला हातसुद्धा न लावता परत गेला. ख्वाजाभाई मेकॅनिक सगळ्यांना सांगत होते की गाडी ठणठणीत आहे, आठ वर्षं माझ्याच हाताखाली आहे. कुणी ऐकलं नाही. पुण्याला नेऊन विकायची तर तिथं माझी लेक निशिगंधा नोकरी आणि पोर सांभाळून किती धावणार? ती अजून कुरकुरते, निम्म्या किमतीत गेली म्हणून. मी तिला म्हटलं, निम्म्यात गेली पण घरात राहिली. अडल्या वेळी ह्यांच्या बहिणीचा मुलगाच उभा राहिला.

एकदा घेऊन ये. मला तिच्यात बसायचं नाही. नुसती बघेन.

तुझी
मामी

*

राजारामपुरी, कोल्हापूर
२९ सप्टेंबर २०२४

ती. मामींना नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. दुकानात माल उतरत होता, माणसं कमी, असं काहीतरी रोजच चालू असतं.

गाडी चांगली चालते. उद्यमनगरातून जाताना अजून लोक हात वर करतात. काच काळी असल्यामुळं आत मामाच आहेत असं त्यांना वाटतं. मग काच खाली केली की हात खाली जातो. परवा एक म्हातारे गृहस्थ तर रस्त्यात वाकून नमस्कार करून गेले. मी काच खाली केली नाही.

भाव पडला त्याचं मनाला लावून घेऊ नका. मोठ्या गाड्यांचं असंच असतं. सुटे भाग महाग, म्हणून लोक घाबरतात. तुम्ही माझे आभार मानू नयेत. हे मनापासून लिहितोय.

वडगावला येईन, सवड झाली की.

आपला
सम्राट

*

पेठ वडगाव,
७ नोव्हेंबर २०२४

चि. सम्राट,

दिवाळी झाली, तू आला नाहीस. फराळाचा डबा केरबाच्या हाती पाठवलाय.

तुला एक विचारायचं आहे. भाच्याला असलं विचारायची वेळ यावी, याचीच लाज वाटते. पण दुसरं कुणी नाही.

पाडव्याला मी राजारामपुरीत आमच्या जुन्या भिशीच्या बायकांकडे गेले होते. एक जण माझा हात धरून मोठ्यानं, मला ऐकू यावं म्हणून ओरडूनच म्हणाली, "तुमच्या मालकांनी गाडी बुडाल्याचं तुम्हालापण सांगितलं न्हवतं व्हय?" मला काही कळेना. मग हळूहळू कळलं. सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे म्हणे. एकवीस सालच्या पुरात आपली गाडी शाहूपुरीत तीन दिवस पाण्यात उभी होती. कुणाच्या तरी दारात. ह्यांनी नंतर गुपचूप सगळं बदलून घेतलं. "कुणाच्या दारात" हे विचारायला मी तोंड उघडलं, तर सगळ्यांनी चिवडा खायला घेतला.

तुला ठाऊक आहे, तेव्हा मी पुण्यात होते, निशिगंधाच्या बाळंतपणाला. नातू झाला त्या दिवशी मी ह्यांना पन्नास वेळा फोन लावला असेल. बंद. दोन दिवसांनी फोन आला, "शिरोलीला कारखान्यात अडकलोय, हायवेवर पाणी आहे." मी विश्वास ठेवला. न ठेवायला काय कारण होतं?

तू तेव्हा कारखान्यात कामाला होतास. ते तीन दिवस तू ह्यांच्याबरोबर होतास का? हे शिरोलीतच होते का? हो किंवा नाही एवढंच लिही. जे असेल ते लिही, मी ऐकून घेईन.

मामी

*

राजारामपुरी,
२३ नोव्हेंबर २०२४

ती. मामी,

नमस्कार. फराळ मिळाला. क्रांतीला करंज्या फार आवडल्या.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. मी पहिल्या दिवशी दुपारीच, रस्ता बंद व्हायच्या आधी, टेम्पोतून कोल्हापुरात आलो होतो. त्यामुळं पुढचं मला नक्की सांगता येणार नाही. मामा म्हणाले तर ते तिथंच असणार.

लोक काहीही बोलतात. मनावर घेऊ नका.

सम्राट

*

पेठ वडगाव,
६ जानेवारी २०२५

चि. सम्राट,

तुझं पत्र आलं त्याला दीड महिना होईल. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे.

मनावर घेऊ नका, म्हणतोस. एकेचाळीस वर्षांचा संसार आहे, मनावर नाही तर कशावर घेऊ? तू "असणार" असं लिहिलंस. "होते" असं लिहिलं नाहीस. मी तो शब्द फार वेळा वाचला.

आता मी एकेक गोष्ट आठवत बसते. पुण्याहून परत आले तेव्हा गाडीची सीट कव्हरं नवी होती. आधीची चांगली होती, वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी विचारलं तेव्हा हे हसले आणि म्हणाले, "तुला काय करायचंय?" तेव्हा मीही हसले. आता ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो. शाहूपुरीत ह्यांच्या ओळखीचं कोण राहतं, याची मी यादी केली. सदुसष्ट वर्षांच्या बाईनं हे करावं! केली आणि फाडून टाकली. परत केली.

फोटो मी खिडकीसमोरून काढला. केरबाला सांगितलं, उन्हानं रंग उडतोय.

१३ फेब्रुवारीला वर्षश्राद्ध आहे. निशिगंधाला मी कळवलंय, तुझ्या घरी पुण्यात कर, मी येणार नाही. गुडघ्याचं कारण दिलं. पोरीनं ऐकलं, पण तिला ते पटलं नाही.

हे सगळं तुलाच लिहिते, कारण तूच तेवढा आमचा उरलास.

मामी

*

राजारामपुरी,
१० जानेवारी २०२५

मामी,

वर नमस्कार लिहिलेला नाही. हे पत्र वाचून झाल्यावर तुम्हाला तो घ्यावासा वाटणार नाही.

गाडी पुरात नव्हती. शाहूपुरीत नव्हती. एक थेंब पाणी तिला लागलेलं नाही. मामा तिन्ही दिवस शिरोलीत कारखान्यात होते. मी त्यांच्याबरोबर होतो. टेम्पोतून परत आलो हे मी तुम्हाला खोटं लिहिलं.

आणि पुराची ती गोष्ट मी उठवली.

जुलैमध्ये धैर्यशील मला दुकानाबाहेर चहाला भेटला. म्हणाला, "मामीची गाडी आलीया माझ्याकडं. चार पार्ट्या हायत, चौघं बी तयार. तुमी घरचं माणूस, गाडीत काय भानगड न्हाय न्हवं?"

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणालो, "मामीला कळू देऊ नका. पुरात होती ती."

"काय सांगतासा! कुठं?"

याचा मी विचारच केला नव्हता. तोंडाला आलं ते बोललो. "शाहूपुरीत. तीन दिवस."

बस, एवढंच. कुणाच्या दारात वगैरे मी बोललो नाही, पण मी जागा दिली आणि लोकांनी तिथं दार बसवलं. कोल्हापुरात असली गाडी घेणारे चौघं, चौघंही एकमेकांना ओळखतात. घरच्या माणसानंच सांगितलंय म्हटल्यावर ख्वाजाभाईंचं कोण ऐकणार? महिन्याभरात गाडी मला परवडेल एवढी खाली आली. मग मी तुमच्याकडं आलो आणि म्हणालो, "मामी, घरातली गाडी बाहेर कशाला, मी घेतो." तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते बघितलं आणि तरी चेक लिहिला.

का केलं, ते सांगतो. सांगितल्यानं काही कमी होणार नाही. मी कारखान्यात अकरा वर्षं होतो. ती गाडी आली त्या दिवसापासून मला हवी होती. माझ्याकडं तेव्हा फटफटी होती. मामा गेले त्यांच्या दहाव्याला मी रडत होतो, खोटं नव्हतो रडत. रडताना ती दारात उभी दिसली आणि मनात आलं, आता हिला कोण घेणार? त्याच दिवशी माझी मला शिसारी यायला हवी होती. आली नाही. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा आली.

नोव्हेंबरात तुम्ही फक्त हो की नाही विचारलं होतं. "हो" लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मग ही गोष्ट उठवली कुणी. म्हणून मी मामांना तुमच्या मनात तसंच शाहूपुरीत उभं राहू दिलं. गाडीच्या खोट्यापेक्षा हे मोठं पाप आहे, हे लिहिताना मला माहीत होतं.

गाडी परत आणून लावू का? जे म्हणाल ते करतो. पण मामांचा फोटो परत जागेवर लावा. आणि श्राद्ध तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या.

सम्राट

*

पेठ वडगाव,
१७ जानेवारी २०२५

सम्राट,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून पुसला, कारण वाटलं मीच चुकीचं वाचतेय.

फोटो लावला. लावण्याआधी त्याच्यासमोर बराच वेळ बसले. मला माफी मागायची होती आणि कशी मागायची ते सुचेना. माझ्याकडून ही माफी मागवून घेतलीस, हे मी विसरणार नाही.

लोक म्हणतील, वेड्या, मागितली असतीस तर मामीनं गाडी तशीच दिली असती. तसं समजू नको. दिली नसती. मला पैशांची गरज होती, म्हातारपणी भावाच्या घरी हात पसरून राहायचं नव्हतं. जी रक्कम कमी पडली ती तू निशिगंधाच्या नावावर भर, तिच्याशी बोलून, जमेल तशी. ते मी सोडणार नाही. गाडी मला नको.

आणखी दोन कामं आहेत.

पहिलं म्हणजे, जिथं जिथं बोललास तिथं तिथं जा, आणि स्वतःच्या तोंडानं सांग. फोनवर नाही. भिशीच्या बायकांनाही सांग.

दुसरं, तू तिथं होतास. मी नव्हते. ते तीन दिवस मला लिहून पाठव. हे काय जेवले, कुठं झोपले, काय बोलले, सगळं. चांगलं करून लिहू नको. चिडले असतील तर चिडले म्हणून लिही. सीट कव्हरांचंही लिही. अडीच महिने तू मला दुसरेच तीन दिवस दिलेस, आता खरे दे.

श्राद्ध इथंच करायचं ठरलंय. तुला बोलावलेलं नाही.

मामी

*

राजारामपुरी,
४ फेब्रुवारी २०२५

मामी,

पहिलं काम झालं, पण जसं व्हायला हवं होतं तसं झालं नाही.

धैर्यशीलच्या ऑफिसात गेलो आणि सांगितलं, गाडी पुरात नव्हती. तो हसायलाच लागला. "आता इकायला काढलीसा वाटतं! इकताना समदे असंच म्हंत्यात, पावणं." मी म्हटलं, विकायची नाही. "मग मला कशाला सांगतायसा?" या प्रश्नाला खरं उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती. म्हणालो, मामीकडून स्वस्तात मिळावी म्हणून मी तुमच्याशी खोटं बोललो. त्यावर तो काय म्हणाला असेल? "चालतंय की, येव्हार हाय." आणि माझ्यासाठी चहा मागवला. मामी, त्या चहाइतकी लाज मला कशाचीच वाटली नव्हती. त्याच्या हिशेबी मी आता त्याच्यातला झालो.

त्या चौघांकडंही गेलो. सराफानं ऐकून घेतलं आणि आतल्या खोलीत निघून गेला. मी दुकानात तसाच उभा. नोकर म्हणाला, "साहेब, अजून काय दाखवू?"

ख्वाजाभाईंनी गाडीचं बॉनेट उघडलं होतं. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी ते हळूच बंद केलं. म्हणाले, "लोकांनी माझं न ऐकता तुमचं ऐकलं, तवा मला वाटलं माझीच नजर गेली. रोज गाडीखाली जाऊन बघत होतो, चिखल कुठं ऱ्हायला, गंज कुठं हाय. काय गावंना. आता ही गाडी माझ्याकडं आणू नगा." कोल्हापुरात हिला दुसरा हात नाही. पुढच्या कामाला पुण्याला न्यावी लागेल.

भिशीच्या बायकांसमोर पाच मिनिटं बोललो. क्रांती माझ्याबरोबर आली, पण दाराशीच उभी राहिली. घरी येताना रिक्षानं आली.

आता ते तीन दिवस.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला हायवेवर पाणी आलं. मामांनी आधी भट्टी बंद करवली, मग गाडी स्वतः मागं घेत माल चढवायच्या धक्क्यावर लावली. तो धक्का जमिनीपासून छातीइतका उंच, एका बाजूनं चढायला उतार. पाणी फाटकाच्या आत आलंच नाही, पण मामा म्हणाले, "पंचगंगेचा काय भरवसा." आत आम्ही तेरा जण. मामा चिडले होते, कारण मी आदल्या दिवशी जनरेटरचं डिझेल भरून ठेवायला विसरलो होतो. सगळ्यांसमोर बोलले. माझीच चूक होती.

जेवण मामांनी केलं. पिठलं. मीठ दोनदा पडलं. तरी सगळे जेवत होते, तेव्हा तेच म्हणाले, "ती असती तर ताट सरकवलं असतं. तुम्ही माझ्या पगारावर हाय म्हणून गिळताय."

शनिवारी ओतकामाचे साचे बनवणारा कागलचा कृष्णात मोल्डर तापानं फणफणला. मामांनी त्याला गाडीच्या मागच्या सीटवर झोपवलं, हीटर लावला आणि स्वतः बाहेर स्टूल टाकून बसले. तो दोनदा ओकला, सगळं कव्हरांवर. बाकीच्यांचेही पाय चिखलाचे, पाळीपाळीनं सगळे आत बसून मोबाइल चार्ज करत होते. मी म्हटलं, मामा, सीट खराब होतीय. मामा म्हणाले, "सीट धुता येतीय." धुऊन वास गेला नाही, म्हणून नंतर नवी कव्हरं घातली. मला ताकीद होती, "मामीला सांगू नको, न्हायतर म्हणंल गाडीचा दवाखाना केला." हसले ते याच्यासाठी हसले असतील.

मामांच्या मोबाइलला रेंज नव्हती. शनिवारी दिवसभर ते पत्र्याच्या शेडवर चढून हात वर करून उभे राहायचे. साठी उलटलेला माणूस, पाय घसरला असता. खाली उतरले की एकच वाक्य, "तिथं ती एकटी हाय." रविवारी दुपारी निशिगंधाच्या नवऱ्याचा मेसेज एकदम आला, मुलगा झाला. मामा शेडवरूनच ओरडले. पेढे कुठले, भांडारात गुळाची ढेप होती, ती हातोड्यानं फोडली आणि तेरा जणांना वाटली. कृष्णातला गाडीत नेऊन स्वतः भरवला. मग धक्क्यावर बसले आणि रडले. पाठ आमच्याकडं होती. मी जवळ गेलो नाही.

रविवारी संध्याकाळी तुम्हाला फोन लागला. तुम्ही रागावला होता. फोन ठेवून म्हणाले, "बरोबर हाय तिचं."

एवढं मला आठवतं. बनवून काही लिहिलेलं नाही.

सम्राट

*

पेठ वडगाव,
१६ फेब्रुवारी २०२५

सम्राट,

श्राद्ध झालं. पन्नास-एक माणसं होती. कृष्णात मोल्डर कागलहून आला होता, त्याला मीच निरोप पाठवला होता.

तू आला होतास. गाडी वेशीपाशी ठेवून चालत आलास, हे केरबानं मला येऊन सांगितलं. "आक्का, पोरगं फाटकापाशी उभं हाय, आत घेऊ का?" मी नको म्हटलं.

पानं वाढण्याआधी मी निशिगंधाला तुझं पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावलं. सुरुवातीपासून. धैर्यशीलचा चहा, सराफ, ख्वाजाभाई, यातलं काहीही गाळू नको म्हणून तिला बजावलं होतं. एक-दोन ठिकाणी ती अडखळली, तिच्या आतेभावाचं नाव ना ते. मी खूण केली, वाच. गुळापाशी आली तेव्हा कृष्णात उठून उभा राहिला आणि म्हणाला, "व्हय, मला शेठनी भरवला."

मी सगळा वेळ फाटकाकडं बघत होते. मधेच निघून जाशील असं वाटलं होतं. गेला नाहीस. शेवटपर्यंत मान खाली घालून उभा राहिलास. पंगत बसल्यावर मात्र तू दिसला नाहीस. केरबा डबा घेऊन वेशीपर्यंत धावला. मी सांगितलं नव्हतं, पण अडवलंही नाही.

तू केलंस ते केलंस. ते पुसलं जाणार नाही, आणि तसं मी खोटं लिहिणार नाही. पण शेडवर चढून हात वर करून उभे असलेले हे, मला दुसऱ्या कुणाकडून मिळाले नसते.

आता पत्र लिहू नको. बोलायचं असेल तर येऊन बोल. आत ये म्हणेन की नाही, ते तू दारात उभा राहिलास की बघेन.

मामी